परीक्षेतल्या निबंधाचे गुण कॉलेज प्रवेशात किती धरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की माझा फोन सुरू होतो आणि जानेवारी संपेपर्यंत थांबत नाही. मी न्यू जर्सीत राहते, एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी लेखन शिकवते आणि रविवारी मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घेते. त्यामुळे इथल्या बारावीतल्या मुलांचे आईबाबा आणि पुणे, नाशिक, सांगलीहून एम.एस.साठी निघालेली मुलं असे दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडे येतात. त्यातला एक प्रश्न दरवर्षी नव्या धास्तीनं येतो: परीक्षेतल्या निबंधाला कमी गुण पडले, आता काय होणार?

माझं मत आधीच सांगते. घड्याळ लावून लिहिलेल्या निबंधाच्या गुणांवर अमेरिकेतल्या कॉलेजांचा भरवसा फार काळ टिकला नाही, आणि आता तर तो निबंधच बहुतेक परीक्षांतून गेला आहे. दोन-तीन ठिकाणी मात्र हे गुण खरोखर आडवे येतात. ती ठिकाणं कोणती, हे कळलं की बाकीची काळजी सोडून देता येते.

मुलीनं एसएटी दिली. निकालात निबंधाचे गुण कुठेच दिसत नाहीत. अर्ज भरताना काही राहिलं का?

काही राहिलं नाही. एसएटी ही अमेरिकेतल्या पदवी प्रवेशासाठीची परीक्षा. ती घेणाऱ्या कॉलेज बोर्डानं १९ जानेवारी २०२१ रोजी तिचा निबंध बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि त्या वर्षीच्या जूननंतर तो सर्वसाधारण परीक्षेतून गेला. अमेरिकेतल्या काही राज्यांत शाळेतच घेतल्या जाणाऱ्या एसएटीला तो अजून जोडलेला आहे, पण ती त्या राज्यांची शालेय गरज आहे. भारतातून परीक्षा देणाऱ्या मुलीचा त्याच्याशी संबंध येत नाही.

गोंधळ होतो तो नावामुळे. आताच्या डिजिटल एसएटीत एका विभागाचं नाव ‘रीडिंग अँड रायटिंग’ आहे. त्यात ६४ मिनिटांत ५४ प्रश्न येतात आणि सगळे बहुपर्यायी असतात. व्याकरण, विरामचिन्हं, वाक्यांचा जोड यांवरचे प्रश्न असतात, पण स्वतःचं एक वाक्यही लिहावं लागत नाही. गेल्या वर्षी एका बाबांनी या विभागासाठी मुलाला तीन महिने निबंधाच्या क्लासला पाठवलं होतं. त्यांनी आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

मग मोठ्या भावाच्या वेळी जो निबंध होता, तो नेमका काय होता?

दोन वेगळे निबंध होते आणि लोक ते एकात मिसळतात.

पहिला मार्च २००५मध्ये आला. तेव्हा एसएटी १६०० गुणांवरून २४०० गुणांची झाली, कारण ८०० गुणांचा लेखन विभाग नव्यानं जोडला गेला. त्यात २५ मिनिटांत एक निबंध लिहायचा. विषय असा की कुणालाही मत देता यावं. दोन परीक्षक १ ते ६ गुण देत, दोघांची बेरीज २ ते १२. उरलेला लेखन विभाग बहुपर्यायी प्रश्नांचा होता आणि विभागाच्या गुणांत त्याचाच वाटा मोठा होता.

दुसरा मार्च २०१६मध्ये आला. परीक्षा पुन्हा १६०० गुणांची झाली, निबंध ऐच्छिक झाला, वेळ ५० मिनिटं. आता मत द्यायचं नव्हतं. एक उतारा वाचून त्यातल्या लेखकानं आपला मुद्दा कसा पटवला, ते उलगडून दाखवायचं होतं. गुण तीन: वाचन, विश्लेषण, लेखन, प्रत्येकी २ ते ८. हे तीन आकडे एकत्र केले जात नसत आणि १६००मध्ये धरलेही जात नसत.

शिक्षिका म्हणून मला हा दुसरा निबंध पहिल्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटायचा. उतारा समोर असल्यामुळे मुलांना खरंच वाचावं लागायचं. पण तोवर कॉलेजांचा विश्वास उडाला होता.

विश्वास का उडाला?

याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय यातून आले.

२००५च्या निबंधाला परीक्षक जेमतेम दोन-तीन मिनिटं देत. इतक्या घाईत डोळ्यांत काय भरतं? लांबी. एमआयटीत लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी कॉलेज बोर्डानं दिलेले नमुना निबंध तपासले आणि दाखवून दिलं की निबंध न वाचता, नुसता लांबून पाहूनही गुणांचा अंदाज बांधता येतो. त्यात आणखी एक गोष्ट होती. तपशिलाच्या चुकांसाठी गुण कापू नयेत अशी परीक्षकांना सूचना होती. एखादं युद्ध भलत्याच शतकात झालं असं ठामपणे लिहिलं तरी चालत असे. हे कळल्यावर क्लासवाल्यांनी काय शिकवलं असेल, ते तुम्हीच ओळखा. भरपूर लिहा, अवघड शब्द पेरा, उदाहरण हवं तर रचून घाला.

पेरेलमन तिथेच थांबले नाहीत. २०१४मध्ये त्यांनी एमआयटी आणि हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांसोबत ‘बेबल’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त दिसणारा, पण काडीचाही अर्थ नसलेला निबंध बाहेर काढत असे. निबंध तपासणारी यंत्रं त्याला उत्तम गुण देत.

याला दुसरी बाजूही आहे. कॉलेज बोर्डाच्या २००८मधल्या अभ्यासात तीन विभागांपैकी लेखन विभागच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या गुणांशी सर्वांत जवळचं नातं सांगणारा ठरला होता. पण त्या विभागात बहुपर्यायी प्रश्नही होते आणि ते नातं मुख्यतः त्यांच्या बळावर होतं. एकट्या निबंधाचा जोर कमी पडत होता. २५ मिनिटांचा एक निबंध, तोही एकाच विषयावर आणि एकाच सकाळी लिहिलेला. त्यावरून मुलीचं लेखन जोखणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा खरी, पण ते शीत घाईत अर्धंकच्चं उचललेलं.

मोठ्या कॉलेजांनी तो केव्हा सोडला?

मुख्यतः २०१८च्या वर्षात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड, ब्राउन यांनी त्या एका वर्षात निबंधाची अट काढली. हार्वर्डनं दिलेलं कारण मला फार योग्य वाटलं होतं. अनेक गरीब मुलं शाळेत एसएटी मोफत देतात, पण तिथे निबंध नसे. त्यासाठी शनिवारी पुन्हा पैसे भरून परीक्षा द्यावी लागे. त्या काळी निबंधाचे पंधरा-सोळा डॉलर जास्त पडत. ऐपत असलेल्याला ती रक्कम जाणवतही नसेल, दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या घराला जाणवते.

कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र निबंध मागत राहिलं. तिथे नऊ कॅम्पसवर पदवीला प्रवेश मिळतो आणि अर्जदार लाखांत असतात, त्यामुळे त्या एका अटीपायी देशभरची मुलं निबंध देत. मे २०२०मध्ये तिथल्या रीजंट्सनी (विद्यापीठाच्या नियामक मंडळानं) एसएटी आणि तिच्यासारखीच दुसरी परीक्षा एसीटी यांची सक्तीच उठवली आणि निबंधाचा शेवटचा मोठा आधार गेला. आठ महिन्यांनी कॉलेज बोर्डानं तो बंद केला.

एमआयटी, येल, हार्वर्ड पुन्हा एसएटी मागू लागले आहेत. मग निबंधही परत येईल का?

तशी काहीही चिन्हं नाहीत. एमआयटीनं २०२२मध्ये आणि डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनी २०२४मध्ये परीक्षेचे गुण पुन्हा मागायला सुरुवात केली, ती गणित आणि वाचनाच्या गुणांसाठी. निबंधाचं नाव कुणी काढलेलं नाही. (येलला एसएटी-एसीटीऐवजी एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायच्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या परीक्षा, किंवा आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाचे गुणही चालतात.)

एसीटीला अजून ‘रायटिंग’ आहे. ते घ्यावं का?

तुमच्या यादीतल्या एखाद्या कॉलेजानं किंवा शिष्यवृत्तीनं स्पष्ट मागितलं असेल तरच. तशी कॉलेजं आता फार थोडी उरली आहेत. प्रत्येकाच्या प्रवेशाच्या पानावर जाऊन बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

एसीटीचं रायटिंग ४० मिनिटांचं, ऐच्छिक आणि वेगळी फी असलेलं आहे. एक विषय आणि त्यावरचे तीन दृष्टिकोन देतात. त्यांचा विचार घेऊन आपलं मत मांडायचं. चार बाजूंनी तपासतात आणि २ ते १२ गुण देतात. हे गुण एसीटीच्या मुख्य ३६च्या आकड्यात मिळवले जात नाहीत.

त्या गुणांचं काय करायचं, हे खुद्द परीक्षा घेणाऱ्यांनाही ठरवणं जड गेलं होतं. सप्टेंबर २०१५पासून त्यांनी लेखनालाही १ ते ३६ची पट्टी लावली. बाकी विषयांत ३३-३४ मिळवणाऱ्या मुलांना लेखनात विशीतले गुण पडू लागले, तक्रारी वाढल्या आणि वर्षभरात पट्टी पुन्हा २ ते १२वर आली. ते वर्ष मला चांगलं आठवतं. आमच्या मराठी शाळेतली एक हुशार मुलगी स्वतःला लिहिता येत नाही असं समजून महिनाभर वही उघडत नव्हती.

एसीटी रायटिंगला किती गुण म्हणजे चांगले?

सरासरी सहा-साडेसहाच्या आसपास असते. ८ आले तर उत्तम, विषय संपला. ७ आले म्हणून पुन्हा परीक्षा देऊ नका.

कॉमन ॲपचा निबंध म्हणजे हेच का?

नाही! आणि हा घोळ सर्वांत महागात पडतो.

कॉमन ॲप म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट. तिथला ‘पर्सनल एसे’ घरी बसून, हवे तितके मसुदे करून लिहायचा असतो. किमान २५० आणि कमाल ६५० शब्द. त्याला कुठली परीक्षा संस्था गुण देत नाही. कॉलेजातली माणसं तो वाचतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा वेगळाच प्रकार आहे: आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. परीक्षेचा निबंध गेला म्हणून हाही गेला असं समजून एका घरानं ऑक्टोबरअखेरपर्यंत काहीच लिहिलं नव्हतं. शेवटचे चार दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

कोणतं कॉलेज कशाला किती महत्त्व देतं, हे पाहायची एक सोपी वाट आहे आणि ती फार थोड्या पालकांना ठाऊक असते. बहुतेक अमेरिकन कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकून शोधलं की सापडतो. त्यातल्या प्रवेशाच्या भागात एक तक्ता असतो. शाळेतले गुण, विषयांची काठिण्यपातळी, परीक्षेचे गुण, अर्जातला निबंध, शिफारसपत्रं, यातलं प्रत्येक त्यांच्याकडे अतिमहत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतलेलं की न घेतलेलं, ते खुणा करून दिलेलं असतं. आपल्या यादीतल्या आठ-दहा कॉलेजांचे तक्ते मुलांसोबत बसून पाहा. तासाभराचं काम आहे, आणि पुष्कळशी भीती तिथेच कमी होते.

मग मुलाला लिहिता येतं, हे कॉलेजला कळतं कुठून?

वर्गातल्या कामातून. मला हे सगळ्यांत न्याय्य वाटतं.

प्रिन्स्टननं २०१८मध्ये परीक्षेचा निबंध सोडला, तेव्हाच त्याच्या जागी शाळेच्या वर्गात लिहिलेला, शिक्षकांनी तपासून गुण दिलेला एक पेपर मागायला सुरुवात केली. शिक्षकांचे शेरे दिसतात, गुण दिसतात, मूल आठवडाभर एखाद्या विषयामागे लागलं की काय करतं ते दिसतं.

एपी इंग्लिश लँग्वेज घेतलं असेल तर त्या परीक्षेतल्या तीन निबंधांना एकूण गुणांत ५५ टक्के वाटा आहे, म्हणजे तिथला ४ किंवा ५ हा लेखनाचाच पुरावा झाला. मुंबई-पुण्यातल्या आयबी शाळांतल्या मुलांकडे तर याहून मोठी गोष्ट असते: ४,००० शब्दांपर्यंतचा ‘एक्स्टेंडेड एसे’. आयबीच्या ४५ गुणांत त्याचा हिस्सा लहान असतो, पण महिनोन् महिने एकच प्रश्न धरून ठेवल्याचा अनुभव मुलांना अर्जात आणि पुढे कॉलेजातही उपयोगी पडतो. काही मुलं तो एक अडथळा समजून उरकतात. तसं करू नका, असं मी कळकळीनं सांगते.

आणि इंग्रजीच्या शिक्षकांचं शिफारसपत्र. तुमच्या मुलाचं वर्षभराचं लेखन ज्यांनी पाहिलं आहे, त्यांच्या चार ओळी परीक्षेतल्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जातात.

मावशी, जीआरईत ३२८ आले, पण एडब्ल्यूए ३.०च आला. पुन्हा देऊ का?

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हा फोन येतोच. (जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा. एडब्ल्यूए हा तिचा लेखनाचा भाग, त्याचे गुण वेगळे.) बाळा, आधी तू ज्या विभागांना अर्ज करणार आहेस त्यांची पानं उघड. त्यांनी एडब्ल्यूएची किमान अट लिहिली आहे का? लिहिली असेल आणि तू तिच्याखाली असशील, तर पुन्हा दे किंवा ते विद्यापीठ बदल. अट नसेल आणि कॉम्प्युटर सायन्स, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल असा विषय असेल, तर ३.०मुळे तुझा अर्ज बाजूला पडेल असं मला वाटत नाही. २०२०नंतर अनेक विभागांनी जीआरईच ऐच्छिक केली आहे. इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र, पत्रकारिता असं काही असेल तर मात्र ३.० डोळ्यांत येतो, तिथे ४.५ किंवा अधिक असलेला बरा.

एडब्ल्यूए ० ते ६, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांनी असतो आणि सगळ्या जगाची सरासरी साडेतीनच्या आसपास आहे. म्हणजे ४.० आला तर तू अर्ध्याहून जास्त लोकांच्या पुढे आहेस. पूर्वी दोन निबंध असत. २२ सप्टेंबर २०२३पासून एकच राहिला, ३० मिनिटांचा. एक माणूस आणि ‘ई-रेटर’ नावाचं सॉफ्टवेअर असे दोघं तो तपासतात. दोघांचे गुण जवळपास असले तर सरासरी काढतात, नसले तर दुसऱ्या माणसाकडे देतात आणि मग दोन्ही माणसांची सरासरी धरतात.

२.० किंवा २.५ आला असेल, तर मात्र मी पुन्हा द्यायला सांगते. इतका कमी आकडा पाहिल्यावर वाचणाऱ्याच्या मनात शंका येते: अर्जातला हा सुरेख एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज) मग लिहिला कुणी?

एमबीए, लॉ, मेडिकलच्या परीक्षांचं काय?

तिथेही वारं त्याच दिशेनं वाहतं आहे. मेडिकलच्या एमकॅटमध्ये १९९१पासून लेखनाचा भाग होता आणि त्याला आकड्याऐवजी जे ते टी अशी अक्षरं मिळत. प्रवेश समित्यांना त्यातून नवं काही कळत नाही म्हणून २०१३मध्ये तो काढला. एमबीएच्या जीमॅटमध्ये १९९४पासून असलेला निबंध नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत नाही.

कायद्याच्या बाजूनं वेगळी वाट धरली, आणि ती मला पटते. अमेरिकेतल्या एलसॅटमध्ये लेखन आहे, पण त्याला गुणच देत नाहीत. लिहिलेलं जसंच्या तसं लॉ स्कूलला पाठवतात. इंग्लंडमधल्या एलनॅटमध्ये ४० मिनिटांचा निबंध असतो आणि तोही परीक्षा संस्था तपासत नाही. ऑक्सफर्डसारख्या ठिकाणचे शिक्षक तो स्वतः वाचतात. ज्याला मुलाला शिकवायचं आहे त्यानंच त्याचं लेखन वाचावं, यापेक्षा चांगली व्यवस्था मला सुचत नाही.

म्हणजे निबंधाच्या गुणांची काळजी कुठेच करायची नाही?

एका ठिकाणी तर करायचीच, आणि तिथे भरपूर करायची: इंग्रजीच्या परीक्षा. आयईएल्ट्स आणि टोफेल.

इथे लेखनाचा आकडा हे दार असतं. आयईएल्ट्समध्ये एकूण ७.५ बँड (तिथले गुण) असले, पण विद्यापीठानं ‘प्रत्येक विभागात किमान ६.५’ म्हटलं असेल आणि तुमचं लेखन ६.० असेल, तर अर्ज तिथेच अडतो किंवा सशर्त पत्र येतं. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत ही विभागवार अट सर्रास असते. ऑक्सफर्डच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना तर एकूण ७.५ आणि प्रत्येक विभागात किमान ७.० लागतात. आपल्या मुलांचं वाचन-ऐकणं छान असतं आणि लेखनात अर्धा बँड कमी पडतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की तारीख ठरवण्याआधीच लेखनाच्या तयारीला लागायला सांगते.

आयईएल्ट्समध्ये साठ मिनिटांत दोन गोष्टी लिहायच्या असतात: पहिली किमान १५० शब्दांची, दुसरी किमान २५०. दुसरीला दुप्पट वजन आहे. तरी मुलं पहिल्यातला आलेख रंगवत अर्धा तास घालवतात. वीस मिनिटं झाली की हातातलं वाक्य पूर्ण करून पुढे जायचं, ही सवय घरी लावून घ्या. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकच विभाग पुन्हा द्यायची सोय अनेक केंद्रांवर आहे. पण तुमचं विद्यापीठ तो निकाल स्वीकारतं का, हे ईमेलनं विचारून उत्तर जपून ठेवा.

आपल्याकडच्या प्रवेश परीक्षांत असं काही आहे का?

जेईई, नीट, एमएचटी-सीईटी, सीयूईटी यांत निबंध नाही. आयआयएमसारख्या संस्थांत कॅटनंतर मुलाखतीच्या वेळी छोटी लेखन परीक्षा घेतात आणि तिचं वजन संस्थेगणिक बदलतं. निबंधाचे गुण खरोखर आयुष्य हलवतात ते चीनमध्ये. तिथल्या गाओकाओ या कॉलेज प्रवेश परीक्षेत बहुतेक प्रांतांत चिनी भाषेच्या १५० गुणांपैकी ६० निबंधाला असतात.

दहावीला मुलगी निबंध पाठ करायची आणि पैकीच्या पैकी मिळवायची. इथेही तसंच चालेल ना?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईंचा राग मला कधीच येत नाही. आपण सगळ्यांनी तेच केलं आहे. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘नदीचे आत्मवृत्त’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’. सुरुवातीला एक सुविचार, मध्ये कवितेच्या दोन ओळी, शेवटी देशप्रेम. गाईडमधला निबंध वहीत उतरवला की शाबासकी मिळायची.

पण आयईएल्ट्सचे परीक्षक पाठ केलेली वाक्यं ओळखतात आणि त्याचे गुण कापतात. जीआरईत निबंध इतरांच्या निबंधांशी आणि छापील मजकुराशी ताडून पाहिले जातात. पुस्तकातला परिच्छेद तसाच उतरवला तर गुण रद्द होऊ शकतात. त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. पाठ करणाऱ्या मुलीला आपलं स्वतःचं मत सापडत नाही. मी वर्गात पहिल्या दिवशी विचारते, ‘तुला काय वाटतं?’ आणि ती विचारते, ‘काय वाटायला हवं?’ ही सवय मोडायला मला अख्खं सत्र लागतं.

क्लास लावावा का?

आयईएल्ट्स-टोफेलच्या लेखनासाठी, कुणी खरंच वाचून लाल पेननं खुणा करून देत असेल तर लावा. नुसते साचे वाटणारा क्लास नको. जीआरईच्या एडब्ल्यूएसाठी वेगळे पैसे मोजू नका. विषयांची सगळी यादी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्याच वेबसाइटवर मोफत आहे. रोज एक विषय, तीस मिनिटं, असे पंधरा दिवस. लिहून झालं की दुसऱ्या दिवशी स्वतः मोठ्यानं वाचायचं. जिथे जीभ अडखळते, तिथे वाक्य मोडायचं.

आता सगळेच एआयकडून लिहून घेतात. मग अर्जातल्या निबंधालाही काय अर्थ उरला?

प्रश्न गंभीर आहे आणि कॉलेजंही तो गंभीरपणे घेत आहेत. ड्यूक विद्यापीठानं २०२४मध्ये अर्जातल्या निबंधाला आकड्यात गुण देणं थांबवलं. एआय आणि महागडे सल्लागार यांच्यामुळे निबंधातून मुलाच्या लेखनकौशल्याचा अंदाज बांधता येत नाही, असं तिथल्या प्रवेशप्रमुखांनी सांगितलं. निबंध वाचतात मात्र अजूनही, मूल कळावं म्हणून.

म्हणून मी मुलांना सांगते, यंत्राला ठाऊक नसलेलं लिहा. आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या औषधांचा तक्ता तू कसा लावला होतास, ते फक्त तुलाच माहीत आहे.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी साधं आहे. निबंधात आणि एसओपीत मी मागे पडेन का?

दोन वर्षांपूर्वी वाळवा तालुक्यातल्या एका मुलानं फोन केला. मेकॅनिकल इंजिनिअर, एडब्ल्यूए ३.०, आयईएल्ट्सच्या लेखनात ६.५. एसओपी पाठवला होता, त्याची सुरुवात ‘लहानपणापासून मला यंत्रांची आवड आहे’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्यानं. तसा एसओपी मी शेकड्यांनी वाचला असेल. मी म्हटलं, इंग्रजी बाजूला ठेव आणि तू कॉलेजात खरंच काय केलंस ते मराठीत सांग.

तो सांगू लागला. चुलत्यांचं गुऱ्हाळ आहे. काहिलीतला रस कधी उतरवायचा, ते गुळव्या नुसत्या नजरेनं ठरवतो. तो गुळव्या म्हातारा झाला, दिसेनासं झालं आणि दोन हंगाम गूळ बिघडला. यानं तिसऱ्या वर्षाला असताना काहिलीला तापमापक बसवले, गुळव्याला शेजारी बसवून दर पाच मिनिटांनी ‘आता काय दिसतंय’ विचारलं आणि त्याचे शब्द तापमानाच्या आकड्यांसमोर लिहून काढले. ती वही त्याच्याकडे होती. एसओपीत तिचा उल्लेखही नव्हता, कारण गुऱ्हाळ हे अमेरिकेला सांगण्यासारखं नाही असं त्याला वाटलं होतं.

ती वही समोर ठेवून त्यानं सात मसुदे मराठीत केले आणि तीन इंग्रजीत. वाक्यं शेवटपर्यंत लहान आणि साधीच राहिली. मी फक्त काळ आणि उपपदं तपासली. पाच विद्यापीठांना अर्ज गेले, दोन ठिकाणहून होकार आला. त्यातल्या एका प्राध्यापकांनी मुलाखतीत त्याला एडब्ल्यूएबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, गुळव्याला जे दिसत होतं आणि तापमापकाला कळलं नाही, असं काही होतं का?